अंदाज किती, पाऊस किती?

सकाळी सात वाजता मोबाइलवर संदेश येतो : जालना जिल्ह्यात आज तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह मुसळधार पावसाची शक्यता, ऑरेंज अलर्ट. आई मुलाच्या दप्तरात रेनकोट कोंबते, कोणी कपाशीवरची फवारणी उद्यावर ढकलतो, कोणी आजीचा तपासणीचा दिवस पुढे नेतो. दिवसभर कडक ऊन पडते. संध्याकाळी चार थेंब येतात, धूळही नीट बसत नाही. रात्री पारावर निकाल लागतो : हवामान खाते सांगेल त्याच्या उलट धरायचे.

त्याच रात्री मंठा तालुक्यातल्या एखाद्या मंडळात ८० मिलिमीटर पाऊस झालेला असतो, ओढ्याने पूल गिळलेला असतो आणि तिथल्या पारावर लोक म्हणत असतात, ‘एवढा पाऊस येणार हे कोणी सांगितलेच नाही.’ संदेश दोन्ही गावांना एकच गेला होता. एका गावासाठी तो हूल ठरला, दुसऱ्याच्या तो लक्षातही राहिला नाही.

या दोन्ही गावांपैकी बरोबर कोण, हे आठवणीवरून ठरत नाही. त्यासाठी वहीत दोन रकाने लागतात : एकात सांगितलेला पाऊस, दुसऱ्यात पडलेला. वैद्यकशास्त्रात कोणतीही नवी तपासणी वापरात आणण्यापूर्वी हेच करतात. तपासणीने ‘आजार आहे’ म्हटले तेव्हा खरेच किती जणांना होता, ‘नाही’ म्हटले तेव्हा किती जण निसटले, हे मोजल्याशिवाय ती चांगली की वाईट हे कोणी सांगत नाही. पावसाच्या अंदाजाला मात्र आपण एका दिवसाच्या अनुभवावर नापास करतो, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत किंवा पंचांगातले नक्षत्राचे वाहन एकदा जुळले की ते दहा वर्षे सांगतो.

आधी अंदाजाचे शब्द काय सांगतात ते पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्या वर. जालना जिल्ह्यात महसूल मंडळे पन्नासच्या आसपास. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी दहा-बारा मंडळांत पाणीच पाणी आणि उरलेल्या पस्तीस-चाळीस मंडळांत तसा पाऊस नाही, असे चित्र दिसणारच. त्या पस्तीस-चाळीस मंडळांतले लोक संख्येने जास्त असतात, त्यामुळे ‘अंदाज चुकला’ हे बहुमताने ठरते.

‘मुसळधार’लाही आकडा आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार किंवा मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. शेतीच्या नुकसानभरपाईच्या कागदात मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की ‘अतिवृष्टी’. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. एका एकरावर ६५ मिलिमीटर पडला म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. हे पाणी जर दोन तासांत उतरले, तर काळी जमीन ते पिऊ शकत नाही. ते ओढ्याला जाते, आणि ओढ्यातून फरशी पुलावर.

इशाऱ्याचे रंगही पावसाचे माप नव्हेत. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ‘ऑरेंज होता तरी पडला नाही’ ही तक्रार त्यामुळे थोडी चुकीच्या पत्त्यावर जाते. तयारीत राहा असे सांगितले होते, भिजाल अशी हमी दिली नव्हती.

पाऊस जागोजाग किती बदलतो याचे सर्वांत भयंकर उदाहरण मुंबईचे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जालना जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने मिळून सरासरी सहाशेच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याच्या वेधशाळेत ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळांत अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे जालना ते बदनापूरपेक्षा थोडेसे जास्त. ‘मुंबईत किती पाऊस पडला?’ या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतेच.

ही अडचण फक्त पावसाची नाही. अमेरिकेत जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन फूट आणि त्याहून जास्त बर्फ पडेल असा अंदाज होता. भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली. शहराच्या मध्यावर, सेंट्रल पार्कमध्ये, मोजला तेव्हा भरला ९.८ इंच. वादळाचा जोर थोडा पूर्वेला सरकला होता. तिथून दोनेक तासांच्या अंतरावर लाँग आयलंडच्या पूर्व भागात खरोखरच दोन फुटांच्या वर बर्फ साचला. नकाशावर बोटभर अंतराचा फरक, पण एका बाजूला अंदाज बरोबर आणि दुसऱ्या बाजूला सपशेल चूक. तिथल्या सरकारी हवामान सेवेच्या एका अधिकाऱ्याने लोकांची जाहीर माफी मागितली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी नवा अंदाज येतो, कालच्याबद्दल कोणी बोलत नाही. हे मात्र बदलायला हवे.

आता मोसमाचा अंदाज. एप्रिलमध्ये टीव्हीवर येतो तो : यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के. या अंदाजाची सुरुवात गमतीदार आहे, ती बर्फापासूनच झाली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना पावसाचे भाकीत करायला सांगितले. हिमालयात हिवाळ्यात-वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे त्यांना नोंदींवरून दिसले होते. त्या आधारावर चार वर्षे चाचपणी करून १८८६ मध्ये पहिला अधिकृत अंदाज निघाला. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे जे गणित बसवले, त्यातही हिमालयातला बर्फ होता. ते गणित पुढे अनेक वर्षे चालले आणि २००२ मध्ये आपटले. त्या वर्षी अंदाज होता १०१ टक्के. जुलैमध्ये देशात सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला आणि मोसम संपला ८१ टक्क्यांवर. पुढच्याच वर्षी खात्याने पद्धत बदलली.

त्यानंतरचे दोन रकाने पाहा. २००९ : एप्रिलमध्ये सांगितला ९६, पडला ७८. २०१५ : सांगितला ९३, पडला ८६. २०१९ : सांगितला ९६, पडला ११०. २०२३ : सांगितला ९६, पडला ९४. २०२४ : सांगितला १०६, पडला १०८. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते असे खाते स्वतःच सांगते. त्या मापाने पहिली तीन वर्षे नापास, शेवटची दोन उत्तम. गेल्या काही वर्षांत सुधारणा आहे हे खरे, पण पाच-सहा वर्षांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पाच रुग्णांवर गुण आलेले औषध सहाव्याला चालेलच असे नसते.

यातले २०२३ हे वर्ष जालन्याने नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे अंदाज जवळजवळ अचूक. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात, शेंगा भरण्याच्या बेतात, आणि आभाळ कोरडे. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी पाच होते : जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड, मंठा. दिल्लीच्या वहीत अंदाज बरोबर, मंठ्याच्या वहीत मोसम बुडालेला, आणि दोन्ही वह्या खऱ्या.

कारण साधे आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, जालना जिल्ह्याचे सुमारे ७,७००. देशाच्या सरासरीत आपला वाटा चारशेत एकापेक्षाही कमी. रुग्णालयातल्या सर्व रुग्णांचा सरासरी ताप ९९ आहे, यावरून दहा नंबरच्या खाटेवरच्या बाळाला १०४ आहे हे कळत नाही. शिवाय पाऊस किती यापेक्षा कधी, हा प्रश्न पिकाला आणि पिण्याच्या पाण्याला महत्त्वाचा. मोसमी आकडा त्याबद्दल काही बोलत नाही. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध तक्रार घेऊन थेट पोलिस ठाण्यात गेले होते. त्या वर्षी देशाचा सुधारित अंदाज ९८ आणि प्रत्यक्ष पाऊस ९५ टक्के. आकड्यांची चूक किरकोळ होती. पण अंदाजावर भरवसा ठेवून पेरलेले बी पावसाच्या खंडात करपले, त्याचे काय? पोलिसांना त्यात काही करता येण्यासारखे नव्हते, पण राग खोटा नव्हता. दुबार पेरणीचा खर्च, त्यासाठी काढलेले हातउसने, झोप उडणे, दारू वाढणे, घरात अबोला. अंदाज आणि पाऊस यांच्यातली फट अखेर दवाखान्यापर्यंत अशी येते.

मग अंदाजाची परीक्षा कशी घ्यावी? इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८४ मध्ये अमेरिकेच्या लष्करातल्या जॉन फिनले या माणसाने चक्रवातांचे, म्हणजे टॉर्नेडोचे, अंदाज द्यायला सुरुवात केली. एकूण २,८०३ अंदाज. त्यातले ९६.६ टक्के बरोबर आले असे त्याने जाहीर केले. कोणालाही वाटेल, काय माणूस आहे! पण एका टीकाकाराने दाखवून दिले की फिनलेने काहीही न पाहता रोज ‘आज चक्रवात नाही’ एवढेच म्हटले असते, तरी तो ९८.२ टक्के वेळा बरोबर ठरला असता. कारण चक्रवात दुर्मीळच. प्रत्यक्षात ते ५१ वेळा आले. त्यातले २८ फिनलेने ओळखले, २३ निसटले, आणि ७२ वेळा त्याने उगाच हूल दिली. खरी परीक्षा या तीन आकड्यांत आहे. उरलेले २,६८० ‘नाही म्हटले आणि नाही आला’ हे गुण फुकटचे.

जानेवारीत जालन्यात रोज ‘उद्या पाऊस नाही’ म्हणणारा माणूसही असाच हुशार दिसेल. म्हणून अंदाजाला विचारायचे प्रश्न दोन : मोठा पाऊस आला त्यापैकी किती वेळा आधी सांगितले होते, आणि सांगितले त्यापैकी किती वेळा आला? पहिला आकडा वाढवायचा तर इशारे सढळ हाताने द्यावे लागतात, आणि मग हुली वाढतात. हुली कमी करायच्या तर हात आखडावा लागतो, आणि मग खरा पाऊस निसटतो. डेंग्यूच्या संशयाने किती जणांचे रक्त तपासायचे, छातीत दुखते म्हणणाऱ्या किती जणांचा ईसीजी काढायचा, हे ठरवताना डॉक्टर याच दोरीवर चालत असतो. दहा जणांचा ईसीजी नॉर्मल निघाला म्हणून अकराव्याचा काढू नये, असे कोणी म्हणत नाही.

म्हणजे अंदाज किती खरा या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो : तो खोटा ठरला तर माझे काय जाईल? याचे उत्तर कामागणिक बदलते, आणि इथेच लोक स्वतःचे नुकसान करून घेतात.

वीज घ्या. मेघगर्जनेचा इशारा आला, तासभर शेतातले काम थांबवून पक्क्या घरात बसले, वीज पडली नाही. गेला एक तास. इशारा झुगारून लिंबाखाली उभे राहिले आणि वीज पडली, तर माणूस जातो. या कामासाठी दहापैकी आठ इशारे खोटे निघाले तरी नवव्यालाही घरात जायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देते. ते शेतावर जाणाऱ्याच्या फोनमध्ये असावे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, हा गैरसमज अजून आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर त्याच क्षणी छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन करायचा. अशी माणसे वाचतात.

फरशी पुलावरच्या पाण्याचे गणित तसेच. वाहत्या पाण्याने गुडघा गाठला की धडधाकट माणसाचेही पाय सुटतात, आणि फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. घरात नववा महिना भरलेली बाई असेल, गावाचा रस्ता पुलावरून जात असेल आणि पुढच्या दोन दिवसांसाठी नारिंगी इशारा असेल, तर तिला रुग्णालयाच्या गावी नातेवाइकांकडे आधीच नेऊन ठेवणे शहाणपणाचे. पाऊस नाही आला, तर दोन दिवस पाहुणचार झाला. डायलिसिसवर असलेला, इन्सुलिन घेणारा, दम्याचा पंप लागणारा रुग्ण घरी असेल तर त्याची सोयही इशारा पिवळा असतानाच पाहावी. आरोग्य केंद्रालाही हूल महाग पडत नाही : सर्पदंशाची लस मोजून ठेवली, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि ओआरएसची पाकिटे पोहोचवली, आणि पाऊस आला नाही, तर ती पुढच्या पावसाला उपयोगी पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात गोदावरी आणि तिच्या उपनद्यांनी गावेच्या गावे वेढली, तेव्हा ज्यांची औषधे घरात आधीच होती त्यांना फरक कळला.

पेरणीचे मात्र उलट. तिथे हूल महाग, आणि थांबणे त्या मानाने स्वस्त. म्हणूनच कृषी खाते सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस प्रत्यक्ष पडून जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नका. म्हणजे पेरणी अंदाजावर करायची नाही, मोजलेल्या पावसावर करायची. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, मुंबईतल्या आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. बातम्या पाहून हात शिवशिवले, पण मुंबईतला पाऊस म्हणजे परतूरच्या रानातली ओल नव्हे.

एकाच संदेशावर शेतातली बाई घरात जाते, नवरा पेरणी थांबवतो आणि दोघेही बरोबर असतात. ‘अंदाजावर विश्वास आहे की नाही?’ असा एकच प्रश्न विचारणे म्हणूनच फारसे कामाचे नाही.

राहिली दुसऱ्या रकान्याची गोष्ट. पडलेला पाऊस मोजणे सोपे वाटते, पण तिथेही चुका आहेत. मापक झाडाखाली, भिंतीलगत किंवा पत्र्याच्या पन्हाळीजवळ असेल तर आकडा बिघडतो. नरसाळ्यात पालापाचोळा, कोळ्याचे जाळे अडकते. जोराच्या वाऱ्यात थेंब तोंडावरून निघून जातात आणि पाऊस कमी नोंदला जातो. बर्फ तर आणखी अवघड, तो उडतो आणि साचता साचता दबतो. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू गावात १९९७ मध्ये एका दिवसात ७७ इंच बर्फाचा विक्रम नोंदला गेला आणि नंतर अमान्य झाला, कारण मोजणाऱ्याने नियमापेक्षा जास्त वेळा फळी पुसून मोजले होते. मोजणाऱ्याचा फायदा-तोटा गुंतला की आकडा आणखी सैल होतो. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की बर्फावर घसरायला येणाऱ्या पर्यटकांवर चालणारी केंद्रे शनिवार-रविवारी ताजा बर्फ जास्त पडल्याचे सांगत. मोबाइलवर पर्यटक स्वतःच खरे-खोटे लिहू लागले, तेव्हा ही फुगवटी कमी झाली.

आपल्याकडे ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. पण मंडळात वीस-पंचवीस गावे असतात. मापक एका गावात, ढग दुसऱ्यावर. ६४ मिलिमीटर नोंदला गेला तर अतिवृष्टी नाही, ६६ ला आहे. आणि या दोन मिलिमीटरवर एखाद्या गावाचे वर्ष अवलंबून असते. अंदाजाचे चौकोन आता लहान होत आहेत. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकोनात गणित करते, आधी तो बारा किलोमीटरचा होता. म्हणजे जालना जिल्ह्याचे पूर्वी पन्नासेक तुकडे होत, आता दोनशेच्या वर. तुकडे लहान झाले म्हणजे प्रत्येक तुकड्यातला अंदाज आपोआप खरा झाला असे नाही. ते ताडून पाहायला तितक्याच दाट नोंदी लागतील, आणि त्या अजून नाहीत.

त्या घरीही ठेवता येतात. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा किंवा काचेची बरणी मोकळ्या जागी ठेवायची, झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून मिलिमीटर वाचायचे, पाणी ओतून टाकायचे. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे आकडे जुळवता येतात. ओतून टाकणे विसरू नये, एक तर दुसऱ्या दिवशीचा आकडा चुकतो आणि आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, आदल्या दिवशी आलेला इशारा आणि त्याचा रंग, बरणीतला पाऊस, मंडळाचा अधिकृत आकडा. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना हे काम दिले तर ती मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ ओळी.